लेकीच्या गावी एक पान

उन्हाळ्यात परगावी निघताना खाणावळीत पान आधी सांगून ठेवावं, की सरळ जाऊन बसावं? खाणावळ सोडून मला कैक वर्षं झाली, गुडघे गेले, चुलीच्या धुराने डोळे अधू झाले, तरी वैशाख लागला की कोणी ना कोणी येऊन हाच प्रश्न विचारतं. "विष्णुपंत, तुम्ही यातले जाणते." जाणता कसला! उभा जन्म दुसऱ्यांच्या भुकेची वेळ सांभाळण्यात गेला, म्हणून चार गोष्टी ठाऊक झाल्या, एवढंच. आता इथे देवासच्या वाचनालयाच्या मंडळींनी गणपतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून धोशा लावला आहे. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वैशाखात मला कोणी छळणार नाही.

माझी खाणावळ धारला होती. रेल्वे महूपर्यंतच. महूहून पहाटे अंधारात निघालेला टांगा धारेत पोचायला ऊन डोक्यावर यायचं. धुळीने माखलेली, लू लागून ओठ फुटलेली माणसं उतरायची आणि त्यांना पहिलं पाणी हवं असायचं, दुसरं जेवण. बाजारात हलवायाकडे पुरी-कचोरी मिळे. पण कचेरीचे कारकून, मास्तर, वकील असली आपली मराठी मंडळी बाजारात उभ्याने खाणारी नव्हेत. त्यांना पाटावर बसून वरणभात लागायचा. तो माझ्याकडे मिळे.

बाहेरच्यांना वाटतं की खाणावळ म्हणजे अन्नाचा डोंगर, कोणीही यावं आणि बसावं. तसं नसतं हो. पान म्हणजे नुसती पळसाची पत्रावळ नव्हे. त्या पत्रावळीमागे एक पाट, तांब्याभर पाणी आणि त्या एका माणसापुरतं सकाळी मोजून रांधलेलं अन्न असतं. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, पहाटे आंघोळ करून सोवळ्याने चुलीपुढे बसायची. मग अकराची एक पंगत आणि एकची दुसरी. दुसरी पंगत उठली की चूल सारवायची, आणि सारवलेली चूल त्या दिवशी पुन्हा पेटवायची नाही. शिळा भात कोणाला वाढायचा नाही. म्हणजे सकाळी पंधरा पानं सांगितलेली असली तर पंधरांचं, फार तर वर दोघांचं. अठरावा आला की त्याच्याकडे पाहून हात जोडायचे. पंधरा-सोळा कोस ऊन खात आलेल्या माणसाला हात जोडून 'संपलं' म्हणणं काय असतं, ते ज्याने म्हटलंय त्यालाच कळेल. पहिल्या वर्षी मला रडू यायचं. पुढे येईनासं झालं, हे त्याहून वाईट.

म्हणून लोकांनी आधी कार्ड टाकावं असा मी आग्रह धरला. 'अमुक तिथीस दुपारच्या भोजनास इतकी पानं राखून ठेवावी.' एका ओळीचं काम. पण त्यातही लोक घोळ घालायचे. पीपलरावां गावचे एक गृहस्थ महूला उतरून कार्ड टाकते झाले आणि टपालाच्या त्याच टांग्यात बसून माझ्या दाराशी हजर! म्हणाले, "पान सांगितलंय." मी म्हटलं, "कार्ड आलं नाही." तर म्हणाले, "येईल ना, आत्तापर्यंत माझ्या पायाखालच्या थैलीतच होतं!" ते जेवून, ताक पिऊन, वामकुक्षी करून उठले, तेव्हा टपालवाला त्यांचं कार्ड घेऊन आला. मी ते त्यांनाच वाचायला दिलं.

चूक माझीही झाली. राजगढच्या बाजूच्या मालवी ब्राह्मणांच्या वऱ्हाडाचं एकदा कार्ड आलं, जेठ बदी पंचमीला आठ पानं. मी ज्येष्ठ वद्य पंचमी डोक्यात धरून निवांत होतो. आणि वैशाख वद्य पंचमीलाच दारात आठ माणसं, वर दोन गाड्या! आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपला वैशाखाचा वद्य पक्ष चालू असतो तेव्हा त्यांच्याकडे जेठ लागून गेलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताशी आपलं पंचांग असलं की दुसऱ्याचंही एक असतं हे आठवत नाही. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "महाराज, कागद तो डाल्यो थो! आज ई तो हे पांचम." त्या दिवशी आम्ही दोघं आणि हाताखालचा आचारी, तिघेही उपाशी राहिलो, आणि आमच्या वाटणीचं त्यांना वाढून वर दही-पोह्यांवर भागवलं. तेव्हापासून मी सगळ्यांना तिथीबरोबर वारही लिहायला सांगू लागलो.

मात्र मला खरा राग यायचा तो पान सांगून न येणाऱ्यांचा. पंगतीत सगळी पानं वाढून झाल्याशिवाय कोणी पहिला घास घेत नाही. त्यात मधला एक पाट रिकामा असला की सगळे थांबतात. कोणी म्हणतो येतील, कोणी म्हणतो टांगा मोडला असेल. वरण थंड होतं, भात गारढोण होतो, आणि ते महाशय तिकडे कोणा सोयऱ्याकडे आमरस ओरपत असतात. अशा माणसाला मी माणसातच धरत नसे. पुढच्या खेपेला तो आला तर तोंडावर सुनवायचो. कित्येकांनी त्या पायी माझ्याकडे येणं सोडलं. सोडेनात का.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

उन्हाळ्यात माझ्या पंगतीला निम्म्याहून अधिक कोण असायचे, तर धारेत लेक दिलेले बाप. आपल्यात लेकीला मूल होईतो बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, कडक असतील त्यांनी पाणीही प्यायचं नाही. बाप आंब्याची करंडी आणि खणलुगडं घेऊन येणार, व्याह्यांच्या ओट्यावर बसणार, लेकीला दारातून पाहणार आणि जेवायला माझ्याकडे. माझी खाणावळ या चालीवर चालली म्हणा ना. असा कोणी जेवून निघाला की मी त्याला म्हणायचो, "पुढच्या वैशाखात तुम्हाला माझं पान न लागो." आमच्याकडचा हा आशीर्वादच होता. गिऱ्हाईक पुन्हा येऊ नये असं देवाला सांगणारा दुकानदार मीच एक असेन. कोणाला नातवंड झालं की पेढे यायचे, आणि मी आत ओरडून सांगायचो, "अमक्यांचा पाट उठला गं!"

अण्णाजीपंत त्यातलेच. देवासला धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, कचेरीत कारकून. बायको लवकर वारलेली, एकुलती मुलगी गोदू, तीही त्यांनीच वाढवलेली. ती धारेत दिली, आमच्याच आळीत, चार घरं सोडून. दर वैशाखात त्यांचं कार्ड यायचं. अक्षर मोत्यासारखं, तिथी आणि वार दोन्ही, आणि शेवटी 'एक पान राखोन ठेवावे, लोभ असावा.' भिंतीकडचा तिसरा पाट त्यांचा. पहिल्या वर्षी हसत म्हणाले, "विष्णुपंत, पुढच्या वर्षी बहुधा तुम्हाला त्रास देणार नाही." मी म्हटलं, "न द्या." दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी ते तसं बोलले नाहीत, मग मीही बोललो नाही.

तिसऱ्या वर्षीच आमच्या मंडळींनी एक उद्योग केला. अण्णाजीपंतांचं कार्ड आलं की ती विहिरीवर गोदूला तिथी सांगायची. त्या दिवशी देवळाला जाते म्हणून गोदू घरातून निघायची आणि मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात यायची. आमचंच सोवळं नेसायची, आमचंच पीठ, आमचंच पाणी, आणि बापासाठी दोन घडीच्या पोळ्या लाटून आल्या वाटेने जायची. तेलाच्या बोटाबरोबर घडीत चिमूटभर ओवा घालायची. तिच्या आईची ती रीत म्हणे. मला कळलं तेव्हा मी घाबरलोच. म्हटलं, "अगं, ते लेकीच्या हातचं खात नाहीत."

"लेकीच्या घरचं खात नाहीत," मंडळी म्हणाली. "हे घर कोणाचं? तुमचंच ना?"

मी त्या पोळ्या वाढल्या. अण्णाजीपंतांनी पहिला तुकडा मोडला, तोंडात घातला आणि जरा थांबले. "आज पोळ्या कोणी केल्या?"

"घरातूनच," मी म्हटलं.

"छान झाल्यात," म्हणाले, आणि एरवी एका पोळीवर उठणारा माणूस दुसरीही जेवला. त्यानंतर दर वर्षी तसंच. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. म्हणून मी म्हणतो, कार्ड फार महत्त्वाचं. कार्ड आलं तरच गोदूला निरोप जायचा.

सातव्या वर्षी कार्ड आलं नाही.

वैशाख शुद्ध संपला, वद्य लागला, तरी नाही. मी हिशेब मांडला. गोदू तीन-चार महिन्यांत विहिरीवर दिसली नव्हती. मंडळी माहेरी आजारी आईकडे जाऊन नुकतीच परतलेली, तिलाही काही ठाऊक नव्हतं. मुलगी घराबाहेर पडत नाही, बाप पान सांगत नाही. याचा अर्थ दुसरा काय असणार? मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन म्हटलं, "अण्णाजीपंतांचा पाट उठला!" मंडळी पीठ मळत होती. म्हणाली, "पेढे आले का?" मी म्हटलं, "येतील." ती म्हणाली, "मग तेव्हा बोला." पण मला दम कुठला! दुसऱ्याच दिवशी भिंतीकडचा तिसरा पाट मी कोणा वकिलाला देऊन टाकला.

आणि त्याच आठवड्यात एकदा दुसरी पंगत निम्मी जेवून झाली असताना दारात अण्णाजीपंत उभे. मी भात वाढत होतो. हातातलं भांडं तसंच धरून मी वीस माणसांदेखत ओरडलो, "या, या, आजोबा! आता इथे कशाला वाट वाकडी केलीत? लेकीकडे जेवायचं!"

पंगतीतले चार ओळखीचे हसले. एकाने "पेढे कुठायत?" असंही विचारलं. अण्णाजीपंत चौकटीवर हात ठेवून उभे राहिले. मागून टांगेवाल्याचा आवाज आला, "पंडतजी, बाई बी हे साथ में. जरा छाया में बिठई दो."

मी बाहेर पाहिलं. टांग्यात गोदू बसली होती. पायाशी तिची ट्रंक, मांडीवर बोचकं. पदर पुढे ओढलेला होता, तरी तिने माझं बोलणं ऐकलं होतं हे तिच्या बसण्यावरूनच कळलं.

तिच्या यजमानांचं दुसरं लग्न ठरलं होतं, त्याच महिन्यात. व्याह्यांनी कळवलं होतं की मुलीला घेऊन जावं. महिनोन्‌महिने तिला विहिरीवर पाठवत नव्हते ते याचसाठी, लोकांत बोलणं नको म्हणून. चार घरांवर हे सगळं चाललं होतं आणि मी इथे पाट उठल्याच्या गप्पा मारत होतो. आयुष्यात मी बरंच वेडंवाकडं बोललो आहे, पण त्या एका हाकेइतकी लाज मला कशाची वाटली नाही. अजून वाटते.

माझ्या हातून भांडं खाली ठेवलं गेलं. मी हात जोडले. अण्णाजीपंतच म्हणाले, "तुमची काय चूक? मी कार्ड टाकायला हवं होतं. लिहायला बसलो होतो. किती पानं लिहावीत ते कळेना."

पंगत उठली. पातेल्यात चार शितं होती. अण्णाजीपंत म्हणाले, "आम्ही पाणी पिऊन थोडं टेकतो. उन्हं उतरली की महूकडे निघू." एवढ्यात आमची मंडळी बाहेर आली आणि कोणाला काही न विचारता गोदूला हाताला धरून आत घेऊन गेली. थोड्या वेळाने धुराचा वास आला. आत जाऊन पाहतो तर सारवलेली चूल पेटलेली. मी नुसतं "अगं" म्हटलं. ती म्हणाली, "तुमचे नियम उद्यापासून." पलीकडे गोदू न्हाऊन, सोवळं नेसून पोळपाटापुढे बसली होती. डोळे पुसायचे आणि पोळी लाटायची. मंडळीने तिला "राहू दे गं" म्हटलं, तर म्हणाली, "नाही काकू. बाबांच्या दोन मीच लाटते."

भिंतीकडच्या तिसऱ्या पाटावर मी अण्णाजीपंतांना बसवलं आणि वाढलं. त्यांनी पोळीची घडी उलगडली. ओव्याचा वास आला.

"चार वर्षं हीच चव येतेय," ते म्हणाले. "मला काय कळत नव्हतं, विष्णुपंत? हिच्या आईची पोळी मी ओळखणार नाही?"

मी खाली मान घालून पाणी ओतत राहिलो.

"चार घरांवर लेक असून मी सात वर्षं तुमच्याकडे जेवलो," ते पुढे म्हणाले. "व्याह्यांच्या ओट्यावर कोरड्या घशाने बसून यायचो. ती तांब्या घेऊन दाराशी यायची आणि मी नको म्हणायचो. दर वर्षी सगळ्या घरादेखत नको म्हणायचो. म्हणजे दर वर्षी मीच त्यांना आठवण करून दिली, की हिला अजून मूल नाही. एकदा जरी तिच्या हातचं पाणी प्यालो असतो, तर तिला तरी वाटलं असतं की त्या घरात आपला तांब्या आहे."

मी म्हटलं, "रीतच तशी आहे, अण्णाजीपंत."

"हो," ते म्हणाले. "रीत तशी आहे." आणि दोन्ही पोळ्या संपवल्या.

उन्हं उतरल्यावर ते दोघं गेले. निघताना आशीर्वाद द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. जो होता तो केव्हाच देऊन झाला होता. त्यांचं कार्ड पुन्हा आलं नाही, धारेत यायला त्यांना कारणच उरलं नाही. आता ते नाहीत. गोदू इथे देवासला मुलींना शिवण शिकवते. रस्त्यात भेटली की काका म्हणून वाकते आणि काकूची आठवण काढते. आमची मंडळीही आता नाही. त्या दिवसानंतर मी खाणावळ पुष्कळ वर्षं चालवली, पण कोणा बापाला 'पान न लागो' असं पुन्हा कधी म्हटलं नाही. नुसतं 'सावकाश जा' म्हणायचो.

आता माझं. मलाही लेक आहे. मथू देवासला दिलेली. तिच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली आणि तिला मूल नाही. मंडळी होती तोवर मथूच माहेरपणाला धारेत यायची, त्यामुळे माझ्यावर प्रसंग आला नव्हता. मंडळी गेली, गुडघ्यांनी दगा दिला, खाणावळ दुसऱ्याला दिली, आणि त्या वैशाखात मी लेकीला भेटायला निघालो. हाडात मुरलेली सवय. निघण्याआधी देवासच्या एका खाणावळवाल्याला रीतसर कार्ड टाकलं. तिथी, वार आणि खाली 'एक पान राखोन ठेवावे.'

इंदूरहून टांग्याने आलो तो ऐन दुपारचा. आधी लेकीला पाहावं, मग खाणावळीत जावं, असा बेत. मथूच्या सासरी ओट्यावर बसलो. विहीणबाई दाराआडून क्षेम विचारून गेल्या. मथू तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्यापासून दोन हात लांब थांबली. मी नको म्हणणार हे तिला ठाऊकच होतं, तरी घेऊन आली होती. तांब्या तिने अर्धवट मागेही घेतला.

मी हात पुढे केला. तांब्या घेतला आणि गटागटा सगळं पाणी प्यालो.

"बाबा, अहो..." ती घाबरून आत पाहू लागली.

"भूक लागलीय गं," मी मोठ्याने म्हटलं, आत ऐकू जाईल असं. "काय असेल ते वाढ."

आतली भांड्यांची खडखड थांबली. मग विहीणबाईंचा आवाज आला, "मथू, पाट मांड वडिलांना." काय होतं? वरण, भात आणि कैरीची डाळ. डाळीत मीठ जास्त पडलं होतं. मी दोनदा मागून घेतली. तिच्या घरचं अन्न मी तेव्हापासून खातो आहे. आता तर राहायलाच इथे आहे, आणि हे लिहितो आहे तेही तिच्याच ओट्यावर बसून. तिच्या सासरचे लोक वाईट नाहीत. पण अण्णाजीपंतांचे व्याही तरी पहिल्या दिवसापासून कुठे वाईट होते?

त्या दुपारी मी खाणावळीत गेलोच नाही. निरोप पाठवायचंही सुचलं नाही. चार दिवसांनी तो खाणावळवाला बाजारात भेटला आणि भर रस्त्यात मला धरून म्हणाला, "विष्णुपंत, तुम्ही स्वतः यातले! तुमच्यापायी सगळी पंगत खोळंबली माझी. दोन वाजेतो पान वाढून ठेवलं होतं तुमचं." माझ्याकडून अशी बोलणी पुष्कळांनी खाल्ली होती. मी मान खाली घालून ती सगळी ऐकून घेतली.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं: उन्हाळ्यात निघताना पान सांगून ठेवावं, आणि सांगितलं तर वेळेवर जाऊन बसावं. मी जन्मात एकदाच गेलो नाही.